कॉकपिटवरची काच

बारकी म्हणायला बारकी. उंची पाच फूट आठ इंच आणि भिंतीवर रसायनशास्त्राची पदवी. पण घरातलं शेंडेफळ, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. बाबांना जाऊन दोन महिने होत आले होते आणि रविवारी छोटी विमानं जोडणाऱ्या मॉडेलवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं. त्याचा अर्ज बाबांनी जायच्या आधीच स्वतःच्या हाताने भरून दिला होता.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. जन्मभर लोकांना वर-खाली नेलं, विमानात मात्र कधी पाऊल टाकलं नाही. मागच्या खोलीतल्या टेबलावर ते लढाऊ विमानं जोडायचे, खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाची, आणि त्यांच्या कामात खोट काढायची क्लबात कुणाची टाप नव्हती. आई त्या टेबलाला 'माझी सवत' म्हणायची.

शेवटचं विमान जवळपास पूर्ण झालं होतं. रंग बसला होता, पंखांवरची चिन्हं लागली होती, वैमानिकाच्या सीटचे पट्टेसुद्धा बाबांनी कागदातून कापून चिकटवले होते. राहिली होती फक्त कॉकपिटवरची काच, म्हणजे बोटभर लांबीचं पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपण. शनिवारी सकाळी बारकीने ते इन्स्टंट ग्लूने बसवलं आणि चहा प्यायला गेली.

परत येऊन बघते तर काच आतून धुरकटलेली. तिने कपाळावर हात मारला. या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडते, आणि जिथे पूर्वी बोट लागलेलं असेल तिथे पांढरी होऊन बसते. गुन्ह्याच्या जागचे ठसे असेच उठवतात. हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण शिकलेलं हाताशी वेळेवर येईल तर शपथ!

पातं घालून तिने काच हळूच उचकटली आणि खिडकीशी धरली. धुक्याच्या मधोमध आतल्या बाजूने एक अंगठा उमटला होता. गोल गोल रेषा, आणि त्यांना आडवी छेदणारी एक कोरी रेघ. लिफ्टच्या तारेने बाबांचा अंगठा चिरला होता, त्याचा तो व्रण.

"आई! इकडे ये."

"मोडलंस ना?" आई ओले हात पदराला पुसत आली. "तरी म्हटलं, शास्त्रज्ञबाईंच्या हाती—"

बारकीने काच पुढे केली. आईने बघितलं. मग ती बाबांच्या स्टुलावर बसली. या घरात आल्यापासून ती त्या स्टुलावर कधी बसली नव्हती.

बारकीने मोबाइलवर अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत नुसता पांढरा डाग.

तेवढ्यात क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांच्या खिशात सदा भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. "मधलं टेबल त्यांचंच ठेवलंय, बेटा. लोक आधी काचच बघणार, सांगून ठेवतो."

"नाही न्यायचं प्रदर्शनात," फोन ठेवून बारकी म्हणाली. "घरीच राहू दे."

"आणि त्यांचा अर्ज?"

"गेला खड्ड्यात अर्ज!"

"तुझ्या निकालाच्या दिवशी आठवतंय? तू कागद घेऊन दारात उभी, आणि हे एका ठिपक्यापायी अख्खा पंख खरवडत बसलेले." आईला हसू आलं, पण टिकलं नाही. "विमान गेलं नाही तर लोक म्हणतील, शेवटी जमेनासं झालं बिचाऱ्याला. आणि असं नेलं, तरी तेच म्हणतील. बिचारा म्हणवून घेतील ते?"

"आई, मला एवढंच मिळालंय त्यांचं."

"मला काय पेटीभर मिळालंय?"

खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

"कशाने पुसायचं?" शेवटी आईने विचारलं.

"टूथपेस्ट. ओल्या कापसावर, गोल गोल. दे, मी करते."

"राहू दे. जन्मभर त्यांच्यामागे मीच पुसत आलेय."

आईने आधी कडा पुसल्या, मग बाजू, मग पुढचा निमुळता भाग. सगळी काच लख्ख झाली, मधला अंगठा तेवढा राहिला. तिने आपला अंगठा त्यावर टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"ठेवलं असतं गं," ती म्हणाली, आणि कापूस फिरवला.

काच बारकीने बसवली. या वेळी पांढऱ्या गोंदाने.

रविवारी मधल्या टेबलासमोर गर्दी होती. भिंगकाका वाकून वाकून कॉकपिट बघत राहिले. सीटचे पट्टे, त्यांची बकलं, सगळं.

"वहिनी," भिंग खिशात ठेवत ते म्हणाले, "काच आहे की नाही, कळतच नाही हो."

"आहे," आई म्हणाली.

काका पुढच्या टेबलाकडे वळले. बारकी मात्र तिथेच थांबली. कधी वाकून, कधी तिरकं होऊन, कधी दिव्याच्या उजेडाकडे सरकून ती त्या काचेत बघत राहिली. मागच्या लोकांनी "जरा सरकता का?" असं दोनदा विचारलं, तरी ती हलली नाही.