ऐकू आलं तरच दाबा

कान तपासायची खोली म्हणजे जेमतेम एका खुर्चीची जागा. भिंतींना जाड स्पंज, एक काच आणि दार लावलं की आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटायला लागतो. आत पेशंट बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेबाहेर मशीनपाशी मोठी बसते. दवाखान्यात तिला सगळे मॅडम म्हणतात, पण घरी ती थोरली, म्हणून मोठीच. ती एकेक आवाज सोडते, आधी ठळक, मग बारीक, मग आणखी बारीक. आतल्याने बटण दाबलं की बाहेर दिवा लागतो.

"ऐकू आलं तरच दाबा," हे वाक्य ती दिवसभर इतक्यांदा म्हणते की झोपेतही म्हणत असेल.

आणि लोक ऐकतात होय? एक आजोबा आवाज असो नसो, बटण दाबतच राहिले होते. नापास व्हायची भीती, दुसरं काय! दुसरा एक गृहस्थ बायकोने ओढून आणलेला. त्याने मुंगीच्या पावलाएवढे आवाजसुद्धा टिपले. बायको म्हणाली, "मग माझंच कसं ऐकू येत नाही यांना?" मोठी म्हणाली, "वहिनी, कान ठणठणीत आहेत. ऐकायची इच्छा तपासायचं मशीन अजून आलेलं नाही." बायको हसली, नवरा मात्र गोरामोरा झाला.

अशी ही मोठी. दुसऱ्यांच्या कानांचं सगळं तिला ठाऊक आणि घरात आईच्या कानांपुढे मात्र हात टेकलेले.

आईला ऐकू कमी येत होतं, त्याला बरीच वर्षं झाली. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मोठीचा धाकटा भाऊ, घरातला भुंग्या, कारण जिथे जाईल तिथे सतत काहीतरी गुणगुणत असायचा, तो वडील गेल्यानंतर घराच्या वाटणीवरून भांडून निघून गेला. दूर कुठेतरी नोकरीला लागला. मग एका दुपारी, काय मनात आलं कोण जाणे, परत आला. तीन मजले चढून दाराशी उभा राहिला, बेल वाजवली. मोठी दवाखान्यात. आई घरातच, स्वयंपाकघरात, नळ सोडून भांडी घासत. तिला बेल ऐकूच आली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर सांगितलं, बराच वेळ उभा होता हो, दारही वाजवलं त्याने. मग खाली मान घालून निघून गेला. आईने मुद्दाम उघडलं नाही अशी त्याने समजूत करून घेतली. रागाला तेवढं निमित्त पुरतं. एकदा फोन लागला, मोठीने खरं काय ते सांगितलं, तेव्हा "बघू" म्हणाला, पुढे नंबरच बदलला.

तेव्हापासून आई प्रत्येक आवाजाला उठते. शेजारचं दार, खालची बादली, कधीकधी तर काहीच नाही. गुडघ्यांवर हात टेकून उठायचं, दार उघडायचं, रिकाम्या जिन्याकडे बघायचं आणि "कुणी नाही" असं स्वतःलाच सांगत परत यायचं. संध्याकाळभर हेच.

आणि मोठी? मोठी रोज येते. पर्समधली किल्ली काढते, दार उघडते, चपला काढते. आई टीव्हीसमोर, दाराकडे पाठ करून बसलेली. मान वळते तीसुद्धा मोठी समोर येऊन उभी राहिली की. "आलीस? चहा ठेवतेस का?" एवढंच. मोठीला याचं वाईट वाटायचं आणि वाईट वाटतं याची लाजही वाटायची. एवढी घोडी झाली तरी आईने दारात यावं म्हणून हिचा जीव तुटायचा!

शेवटी एक दिवस तिने आईला दवाखान्यात नेलंच. खुर्चीत बसवलं, हेडफोन घातले, बटण दिलं. "आई, ऐकू आलं तरच दाब हं."

दिवा लागायला लागला. आवाज सोडला तरी दिवा, नाही सोडला तरी दिवा. मोठीने मुद्दाम हात मशीनवरून काढून घेतला. पूर्ण शांतता. आत आई डोळे मिटून, पुढे वाकून बसलेली, आणि दिवा पुन्हा लागला.

मोठी दार उघडून आत गेली. "अगं, मी काही वाजवलंच नव्हतं!"

"मला वाटलं वाजलं."

"वाटलं तर दाबायचं नाही. ऐकू आलं तर दाबायचं."

"वाटणं आणि ऐकू येणं यातला फरक तुला बाहेर बसून कळतो," आई म्हणाली. "मला आत बसून कसा कळणार?"

मोठीकडे याला उत्तर होतं. शिकताना पाठच केलं होतं तिने. ऐकणं नुसतं कानाचं काम नाही. कान आणून टाकतो, अर्थ मेंदू लावतो, आणि ज्याची वाट बघत असतो ते त्याला आधी सापडतं. पण हे आईला कसं सांगायचं?

"चुकीचं दाबलं तर तपासणी बिघडते, आई."

"बिघडू दे. मी चुकून उठले तर काय होतं? गुडघे दुखतात. आणि वाजलं आणि मी उठलेच नाही तर?" आईने हातातलं बटण मुठीत घट्ट धरलं. "ते एकदा झालंय गं माझ्याकडून."

मोठी बाहेर येऊन पुन्हा मशीनपाशी बसली. कसलेल्या हाताने तिने खरे दिवे खोट्यांतून निवडून काढले. दोन्ही कान अधू होते. डॉक्टरांनी कानात घालायची यंत्रं लिहून दिली.

यंत्रं लागली आणि घरात गोंधळ उडाला. "अगंबाई, हा फ्रीज एवढा बडबडतो? आणि हे काय खसखसतंय?" ती तिची स्वतःचीच साडी होती. वर्तमानपत्र उलटलं तरी आई दचकायची. मोठीने समजावलं, राहू दे कानात, सवय होईल. आणि झालीच. थोड्याच दिवसांत आई म्हणाली, "फ्रीज आता गप्प झाला बघ. दुरुस्त केलास का?"

फ्रीज तसाच घरघरत होता. जे सतत असतं त्याची मेंदू दखल घेणं सोडून देतो. नाकावरचा चष्मा, बोटातली अंगठी, यांचं काय आपल्याला दिवसभर भान असतं? बदललं तरच कळतं. मोठी फ्रीजला टेकून उभी होती आणि तिच्या मनात आलं, आपण या घरातला फ्रीज आहोत. आधी हसू आलं. मग ती फ्रीजपासून बाजूला झाली.

एक गोष्ट मात्र छान झाली. आईला आता जिना ओळखता येऊ लागला. या काकू, हा गॅसवाला, हा वरच्या मजल्यावरचा लंगडणारा मास्तर. ती प्रत्येक आवाजाला उठेनाशी झाली. बसल्याजागी म्हणायची, "नाही, तो नाही." सुटका व्हायला हवी होती, पण आईचा चेहरा जास्तच उतरला. पूर्वी निदान शंकेला जागा होती.

आणि मग मोठीने तो प्रकार केला. का केला, विचारू नका. दवाखान्यातून थकून आली, जिन्याशी उभी राहिली आणि भुंग्या चढायचा तशी दोन-दोन पायऱ्या टाकत, धाडधाड वर निघाली. पर्स हातात घट्ट धरलेली, श्वास फुललेला. शेवटच्या वळणावर ती चक्क गुणगुणलीसुद्धा.

दार उघडलं.

आई दारात होती. पदर सुटलेला, हात पुढे आलेले, आणि चेहरा असा उजळलेला की मोठीने तो उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तेवढा एक क्षण तो सगळा आनंद मोठीच्याच अंगावर पडला. मग आईने बघितलं.

"तू होय," ती म्हणाली. हात खाली गेले. "पडशील अशाने." आणि वळून आत गेली.

त्या रात्री मोठी जेवली नाही. आपण आईला फसवलं, याची तिला शरम वाटत होती. आणि तो चेहरा पुन्हा बघायला मिळावा म्हणून जीव कासावीसही होत होता.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या नेहमीच्या पावलांनी वर आली. पर्समध्ये किल्ली चाचपत असतानाच आतून आवाज आला, "येताना दार नीट लाव गं मोठे, काल नुसतं लोटलं होतंस."

मोठी आत आली ती तशीच, चपला न काढता. "मी आहे हे कळलं तुला?"

"न कळायला काय झालं? पहिल्या वळणावर थांबतेस, पर्स उचकतेस, किल्लीला शिव्या घालतेस. यंत्र लावल्यापासून रोज खालपासून कळतं मला."

"मग उठत का नाहीस?"

आईला प्रश्नच समजला नाही. "तुझ्याकडे किल्ली आहे की."

मोठीने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, ते तिथे सुटलं. "किल्ली आहे म्हणून काय झालं? तो येत नाही त्याच्यासाठी गुडघे मोडेस्तोवर उठतेस. मी रोज येते, मला कधी तरी दार उघड ना, आई! एकदा तरी ऊठ माझ्यासाठी!" बोलता बोलता ती लहान पोरीसारखी रडायलाच लागली.

आईने टीव्ही बंद केला. मग हात पुढे केला. "किल्ली दे इकडे."

"कशाला?"

"दे म्हणते ना. आणि खाली जा."

"आई, काहीतरीच काय? लोक हसतील."

"हसू देत. जा."

मोठी नाक पुसत खाली गेली. फाटकाशी थोडी थांबली. काकू खिडकीतून बघत होत्या, त्यांच्याकडे तिने लक्ष दिलं नाही. मग ती वर निघाली, आपल्याच संथ, थकलेल्या पावलांनी. पहिल्या वळणावर सवयीने पर्सकडे हात गेला आणि रिकामाच परत आला.

ती अजून शेवटच्या वळणावरच होती, तेवढ्यात वर कडी निघाली. आई चौकट धरून उंबऱ्याबाहेर उभी होती, एक पाय पहिल्या पायरीवर टाकलेला. चेहऱ्यावर कालचा उजेड होता की नाही, हे मोठीला सांगता आलं नसतं. डोळे भरल्यामुळे तिला नीट दिसतच नव्हतं.

"किती उशीर केलास गं," आई म्हणाली. "कधीची वाट बघतेय तुझी."