पान चौदा

जीन पावलाकने तळघराचं दार लोटलं, ते नीट लागलंय ना हे हाताने दाबून पाहिलं आणि मगच तो आपल्या खुर्चीकडे वळला. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता; घड्याळात नऊ मिनिटं अकरा सेकंद उरली होती आणि त्यांची टीम, स्टोकर्स, दहा गुणांनी मागे होती.

"गेली?" रिचीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"गेली."

"रेडिओ नेलाय ना?"

"नेलाय. कपडे टाकून ड्रायरही लावलाय."

रिचीने समाधानाने मान हलवली. तो जीनच्या बायकोचा, लोरेनचा, धाकटा भाऊ. त्याची बायको पेग सोफ्याच्या टोकाला पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि मांडीवरच्या बशीतली पिएरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, कधीच गार झाली होती.

हा काय प्रकार, असं सरोवरकाठच्या त्या शहरात कोणालाही विचारलं असतं, तर त्याने जीनची पिवळी पुस्तिका काढून पान चौदा दाखवलं असतं. 'स्टोकर्सभक्तांचा वाटाड्या' हे तिचं नाव. चव्वेचाळीस पानं, दोन पिना, दर ऑगस्टला नवी आवृत्ती. गोदीत कामाला होता तेव्हापासून जीन ती लिहीत आला होता. गाडी कुठे लावली म्हणजे चिखलात रुतत नाही, मोज्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या चढवून मग बूट कसे घालायचे, सॉसेज बिअरमध्ये किती वेळ उकडायचे, टीम जिंकत असताना जर्सी का धुवायची नाही, सगळं त्यात होतं. पहिल्या पानावर पहिला नियम मोठ्या अक्षरांत होता: शेवटची शिट्टी होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. आणि पान चौदावर फक्त लोरेन होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी टीम सतरा गुणांनी मागे असताना लोरेन मशीनमधले कपडे काढायला तळघरात गेली आणि ती वर येईपर्यंत स्टोकर्स जिंकले होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं कोणीही म्हणालं असतं. पण पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्या रविवारीही झालं आणि मग त्याचा नियमच झाला. सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागात टीम मागे असली, की लोरेन खाली. तिने बघायचं नाही, रेडिओ ऐकला तर चालेल. सामना संपेपर्यंत तिने वर यायचं नाही आणि कोणी खाली जायचं नाही. रेडिओ टीव्हीच्या अर्धा मिनिट पुढे असतो, म्हणून तिने खालून ओरडायचंही नाही, अशी तळटीप जीनने नंतर जोडली होती. स्टेडियममध्ये असली तर ती उठून स्टँडखालच्या बोळात जाऊन उभी राहायची. अनोळखी माणसं त्या पानावर तिची सही घ्यायची. लोक देव पाण्यात घालून बसतात, जीन बायकोला तळघरात ठेवून बसायचा. त्यावरून थट्टा झाली की सगळ्यांत आधी हसायची ती लोरेनच.

आजचा सामना जिंकला की अंतिम सामना. बावन्न वर्षांत स्टोकर्स तिथवर एकदाही पोचले नव्हते.

आणि नोव्हेंबरात लोरेनला दोनदा घेरी आली होती. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली आणि बजावलं, पडू मात्र नका, डोक्याला मार बसला तर एक मिनिटही घरी थांबू नका. जीनने तळघराच्या जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवला. यंदा तिला खाली पाठवू नये, असं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण जानेवारीतले बाद फेरीचे सामने तोंडावर आले होते आणि टीम जिंकत होती.

पाच मिनिटं उरली असताना स्टोकर्सनी सात गुण कमावले. आता तफावत फक्त तिनाची.

"घे!" रिचीने खुर्चीचा हात बडवला. "माझी बहीण म्हणजे सोनं आहे सोनं! तिला तिथेच कॉट टाकून द्या!"

आता बॉल समोरच्यांकडे होता. तो नुसता धरून त्यांनी वेळ काढला असता तरी सगळं संपलं असतं. ते तसंच करत होते. तीन मिनिटं. दोन पन्नास.

तेवढ्यात खाली काहीतरी पडलं. आवाज मोठा नव्हता. बटाट्याचं पोतं खाली टाकावं तसा एकच, बोथट.

पेगने मान वळवली. "काय पडलं रे?"

"छपरावरचा बर्फ घसरला असेल," रिची म्हणाला.

"आवाज खालून आला." पेगने बशी बाजूला ठेवली आणि ती उठली. दाराच्या दिशेने दोन-तीन पावलं गेलीही.

"पेग, बस."

हे जीन बोलला होता. आपला आवाज इतका करडा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"अरे, पण लोरेन—"

"टोपली पडली असेल. बस खाली."

पेग त्याच्याकडे बघत राहिली आणि मग होती तिथेच, जमिनीवर बसली. ती टेकते न टेकते तोच पडद्यावर समोरच्या खेळाडूच्या हातातून बॉल निसटला, चार-पाच जण त्यावर कोसळले, आणि ढीग बाजूला झाला तेव्हा सगळ्यांत खालचा, बॉल कवटाळलेला माणूस स्टोकर्सचा होता.

रिचीने किंकाळीच फोडली. "बघितलंस? बसलीस म्हणून! आता कोणी हलायचं नाही. पेग, तू तशीच. श्वासही हळू घे."

जीनही ओरडला. पण ओरडता ओरडता त्याला आठवलं. रेडिओ अर्धा मिनिट पुढे असतो. म्हणजे आवाज झाला तेव्हा खाली लोरेनने बॉल सुटल्याचं नुकतंच ऐकलं होतं. अशा वेळी ती टुणकन उडी मारते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

दोन वीस. पहिली चाल, सहा यार्ड. दुसरी, काहीच नाही. तिसरीला स्टोकर्सचा एक उंच पोरगा हवेत तिरका झाला आणि त्याने बॉल छातीशी धरला. जीनचा एक कान खाली होता. ड्रायरमध्ये कुठल्याशा कपड्याची साखळी आपटत होती, किट्-किट्, किट्-किट्. ती ऐकू येतेय तोवर खाली सगळं ठीक आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. साखळीचा आणि लोरेनचा काय संबंध, हे त्याने मनाला विचारलं नाही.

पाचव्या चालीनंतर किट्-किट् थांबली आणि ड्रायरचा भोंगा वाजला.

त्याचं दार उघडेपर्यंत तो भोंगा थोड्या थोड्या वेळाने वाजत राहतो. लोरेनचा त्यावर भारी राग. तिने त्याला दुसऱ्यांदा वाजू दिल्याचं जीनला आठवत नव्हतं.

सहावी चाल. सातवी. स्टोकर्स मैदानाच्या मध्यावर आले होते. भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

"जीन," जमिनीवरून पेग हळूच म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

 जीनने तळवे पँटला पुसले. उठावं असं त्याला वाटत होतं, खरंच वाटत होतं, आणि तरी प्रत्येक वेळी आणखी एक चाल, एवढीच, असं म्हणत तो बसून राहिला. नववी. दहावी. अकराव्या चालीला स्टोकर्सचा माणूस बॉल घेऊन रेषेबाहेर गेला आणि घड्याळ चार सेकंदांवर थांबलं.

आता फक्त एक किक. खांबांच्या मधून गेली तर तीन गुण आणि बरोबरी, नाही तर घरी. किक मारणारा पोरगा पुढे आला, त्याने पायाखालची जमीन बुटाने साफ केली, आणि नेमकी तेव्हाच समोरच्यांनी थोडी उसंत मागून घेतली. पोराला थंडीत ताटकळत ठेवायचं म्हणजे त्याचे पाय लटपटतात, ही जुनीच खोडी. पडद्यावर जाहिराती लागल्या. जाहिरातींचा आवाज बंद करायचा हा पान नऊवरचा नियम, त्याप्रमाणे रिचीने तो बंद केला.

घरात एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत भोंगा तिसऱ्यांदा वाजला.

जीन उठला.

"अरे! अरे, काय करतोस?" रिचीचा आवाज फाटला. "चार सेकंद राहिलेत! तुझाच नियम आहे, गाढवा! जीन!"

जीनने तळघराचं दार उघडलं.

लोरेन मशीनला पाठ टेकून फरशीवर बसली होती. उजवा पाय समोर पसरलेला आणि घोट्यापाशी नको तिकडे वळलेला. शेजारच्या टोपलीतल्या धुतलेल्या टॉवेलांपैकी एक तिने कपाळावर दाबून धरला होता आणि तो निम्मा लाल झाला होता. रेडिओ तिच्या मांडीजवळ होता. जिन्यावर पावलं ऐकताच तिने हात लांब करून तो बंद केला.

खाली, रेडिओवर, किक होऊन गेलेली होती. ती गेली की हुकली, हे त्या घरात एकट्या लोरेनला ठाऊक होतं. एरवी जीनने ते तिच्या चेहऱ्यावरून वाचलं असतं. आज त्याने चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि टॉवेलाची कड उचलून जखम पाहू लागला.

"डोळ्यांसमोर अंधारी येतेय?"

"नाही."

"आज वार कोणता?"

"रविवार. जानेवारीतला. मला काही झालेलं नाही, फक्त पायावर उभं राहता येत नाही."

"हाक का नाही मारलीस?"

"आपली चढाई चालू होती ना." तिने टॉवेल जरा सरकवला. "आणि म्हटलं, येतोस का बघू."

वर अजून काही आवाज नव्हता. जीनने टॉवेल उलटा करून कोरडी बाजू तिच्या कपाळावर धरली.

"मी पडले ते ऐकू आलं होतं तुला?"

टोपली वाटली, असं तो म्हणू शकला असता. तसं तो वर म्हणालाही होता.

"आलं होतं."

"पेग उठली होती. पावलं ऐकली मी. मग थांबली."

"मी बसवलं तिला."

लोरेनने मान हलवली. मग तिचे ओठ हलू लागले. ती पडल्यानंतरच्या चाली मोजत होती, हे कळायला जीनला वेळ लागला नाही.

"अकरा," ती म्हणाली.

"अकरा."

 सत्तावीस वर्षांत या तळघरात आपण सामन्याच्या वेळी एकदाही उतरलो नाही, हे जीनच्या आत्ता लक्षात आलं. मशीनशेजारी भिंतीला टेकून एक स्टूल होतं, त्यावर उशी होती, आणि समोरच्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पण किक बाकी होती," लोरेन हळूच म्हणाली. "ती न बघता आलास?"

"हो."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला मान खाली घालावी लागली.

तेवढ्यात वर घर हादरलं. रिची नाचत होता. मग पावलं धडधडत आली आणि जिन्याच्या तोंडाशी त्याचा लालबुंद चेहरा दिसला.

"बरोबरी! बरोबरी झाली रे! जादा वेळ! तिला वर आणू नकोस! ऐकतोस ना? लोरेन, राणी, दहाच मिनिटं, तू अजिबात—"

"रिची, खाली ये आणि पाय धर हिचा."

"काय झालंय?"

"खाली ये म्हटलं ना."

रिची आला नाही. तो दारातच खिळल्यासारखा उभा राहिला, एकदा खाली आणि एकदा मागे टीव्हीकडे बघत. त्याच्या काखेतून वाट काढून पेग उतरली. जीनने लोरेनला काखेखाली हात घालून उचललं, पेगने पाय सांभाळला आणि तिघं एकेक पायरी चढू लागली. पाचव्या पायरीवर जीनला धाप लागली.

"टॉवेल तरी घडी करून घे म्हणजे बरं," लोरेन म्हणाली. "जिन्यावर थेंब पडताहेत."

"पडू देत."

वर रिची अजून दारात होता. "जीन," तो अजिजीने म्हणाला, "मागच्या दाराने ने. निदान एवढं तरी कर. बावन्न वर्षं, जीन."

मागच्या दारापुढे कंबरभर बर्फ साचला होता आणि गाडी पुढच्या अंगणात होती. जीनने रिचीकडे पाहिलं. जीनच्या चेहऱ्यावर काय होतं कोणास ठाऊक, पण रिची बाजूला झाला. मग तोही पुढे आला आणि त्याने पेगच्या हातातून बहिणीचा पाय अलगद आपल्या हातांत घेतला. पेग गाडीच्या किल्ल्या घ्यायला धावली.

पुढच्या दाराकडे जायचं तर टीव्हीसमोरूनच जावं लागायचं. खोलीत शिरताना लोरेनने डोळे घट्ट मिटून घेतले. जीनच्या ते लक्षात आलं आणि तो थांबला, थेट पडद्यासमोर.

"डोळे उघड, लोरेन."

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"उघड."

"अरे, आपला बॉल आहे—"

"असू दे. बघ."

तिने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.  पडद्यावर स्टेडियम दिसत होतं, खालपासून अगदी वरच्या रांगेपर्यंत. ती बराच वेळ बघत राहिली. तिचा हात जीनच्या कॉलरवर होता.

"शेवटी सगळे उभे राहतात होय?" ती म्हणाली. "रेडिओवर कधी कोणी सांगितलं नाही."