बद्द

माझ्या बाबाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्यांची किंमत केली. डोंबिवलीच्या रेतीबंदरापासून दिव्यापर्यंत कोणाला जुनी होडी विकायची असली की बोलावणं भिवाकाकालाच यायचं. चिंचेच्या लाकडाची छोटी हातोडी घेऊन तो फळी न् फळी ठोकायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि एक आकडा सांगायचा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. त्याच्या आकड्यावर ना विकणारा घासाघीस करायचा, ना घेणारा. एवढा मान ठाण्याच्या कोर्टातल्या जजलाही मिळत नसेल.

गेली चार वर्षं त्याला नीट ऐकू येत नाही. आमच्या टीव्हीवरच्या मालिका शेजाऱ्यांना न बघता पाठ झाल्यात. मी ठाण्याहून कानाचं मशीन आणलं, ते त्याने चुन्याच्या डबीशेजारी ठेवून दिलं. त्याचं म्हणणं, लोकच हल्ली पुटपुटतात. मी चिडायचे, भांडायचे आणि शेवटी सोडून द्यायचे. त्या हातोडीचा विचार मात्र माझ्या डोक्यात कधी आला नाही, आणि या मूर्खपणाला माफी नाही.

खाडीवर पूल झाला, पलीकडे जायला होडीत कोणी बसेना. त्यात बाबाचे गुडघे गेले. गेल्या रविवारी त्याने स्वतःची होडी विकायला काढली. दिव्याहून राकेश आणि त्याची बायको सगुणा बघायला आली.

"आम्ही दोघंच जातो जाळ्याला, काका," राकेश म्हणाला. "हिला पोहता येत नाय. होडी भक्कम पायजे. तुम्ही सांगाल ती किंमत."

बाबाला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने मान हलवली आणि ठोकायला सुरुवात केली. पुढच्या फळ्या खणखणीत वाजल्या. मधल्या तीन फळ्यांवर हातोडी पडली आणि आवाज आला बद्द, बद्द, बद्द. बाबा नेहमीसारखी मान तिरकी करून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"पासष्ट हजार," तो म्हणाला. "तळ एकदम लोखंड हाय."

तो आवाज राकेशनेही ऐकला असणार, पण भिवाकाकापुढे स्वतःच्या कानांवर कोण विश्वास ठेवणार? पैसे पाठवायला त्याने फोन बाहेर काढला.

आणि मला आमच्याच बंदरावर जाळी टाकणारा पोपट आठवला. गेल्या वर्षी पोपटची होडी बाबानेच ठोकून चांगली ठरवली होती. श्रावणात भर खाडीत तिचा तळ सुटला आणि पोपट तिसऱ्या दिवशी सापडला. बाबा महिनाभर धड जेवला नाही. मग रेतीच्या बार्जने ठोकर दिली असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि आम्हीही ते मानलं. चार वर्षांत त्याने अशा किती होड्या चांगल्या म्हणून दिल्या, ते मी मोजायला लागले. मग मोजवेना.

मी सगुणाला बाजूला घेतलं. "तळ कुजलाय. घेऊ नका. पण बाबाला सांगू नका."

तिने एकदा बाबाकडे बघितलं आणि जाऊन नवऱ्याच्या कानात सांगितलं. राकेशने फोन खिशात टाकला आणि हात जोडले. "राहू द्या, काका. आमचं नाय जमणार."

हे बाबाला बघूनच कळलं. "साठ दे," तो म्हणाला. "बरं, पन्नास." जन्मात त्याने सांगितलेला आकडा बदलला नव्हता. "चाळीस दे. पान्यात राहूदे ती, म्हंजे झाला." तोवर ती दोघं खाली मान घालून रिक्षाकडे चालायला लागली होती.

तो माझ्याकडे वळला. "काय गो, जास्त सांगली का मी?"

खरं सांगितलं असतं तर त्याने पुढचं विचारलं असतं, मग मला कसं ऐकू नाय आलं? आणि त्याच्या पुढच्या प्रश्नात पोपट होता.

"हो," मी म्हणाले.

"काय?"

"हो, बाबा. जास्त सांगितलीस."

"पुटपुटू नको गो."

नुसतं 'जास्त' ऐकून तो उद्या पुन्हा कोणाची तरी होडी ठोकायला गेला असता. मला ओरडावंच लागलं. "त्यांना फसवत होतास तू, बाबा. दुप्पट किंमत सांगितलीस." काठावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

या वेळी त्याला नीट ऐकू गेलं. त्याने त्या लोकांकडे बघितलं. मग हातोडी त्याने माझ्या हातात दिली.

"लबाड झालो गो मी," तो म्हणाला. "आता कोनाला किंमत नाय सांगायची."