सोळा तारांना आठ तारा

माणसांचं वजन करणाऱ्या काट्याचं सर्किट मी पाच महिने खपून काढलं. आणि दादानं, माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं, चित्राच्या कोपऱ्यातल्या चौकटीतलं माझं नाव पुसून स्वतःचं टाकलं. आमच्या धंद्यात त्या चौकटीत ज्याचं नाव, त्यालाच गिऱ्हाईक पुढचं काम देतं.

"तुझं काय नि माझं काय, घरातलंच ना?" तो म्हणाला.

आयत्या बिळावर नागोबा! वर त्याला हुशारीही दाखवायची होती. आकडे दाखवणाऱ्या भागाचं माझं पान काढून त्यानं आम्ही पूर्वी बनवलेल्या स्वयंपाकघरातल्या काट्याचं पान तिथे चिकटवलं. सर्किटच्या चित्रात तारांची अख्खी जुडी एकाच जाड रेघेनं दाखवतात, तिला बस म्हणतात. माझ्या बाजूची बस सोळा तारांची, त्यानं आणलेली आठांची. चित्रात दोन्ही सारख्याच जाड दिसतात. सॉफ्टवेअर खालच्या आठ तारा जोडतं, वरच्या आठ लोंबकळत ठेवतं आणि एक पिवळी सूचना देतं. दादा पिवळं वाचत नाही. लाल दिसलं तरच थांबायचं, हा त्याचा खाक्या.

मी वाचलं. हिशेब मांडून पाहिला: साडेपंचवीस किलोपर्यंत काटा बरोबर चालणार, पुढे दर वेळी तेवढं भरलं की पुन्हा शून्यापासून मोजणार. मग मूग गिळून बसले. चित्रावरून सर्किटचं कार्ड तयार होऊन आलं, आमच्याकडच्या पाच, दहा, वीस किलोच्या वजनांवर पासही झालं. ते तीन आठवडे मला जेवण फार गोड लागलं.

दवाखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या बाई काटा बघायला आल्या.

"ही माझी बहीण. सुट्या भागांच्या याद्या ठेवते," दादानं ओळख करून दिली आणि ऐटीत स्वतःच काट्यावर चढला. दादा ब्याऐंशी किलोंचा आहे. काट्यानं पाच किलो दोनशे ग्रॅम दाखवले.

"बरेच वाळलात की," बाई म्हणाल्या.

तो उतरला, पुन्हा चढला. तेच. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सुटलेल्या आठ तारा हातानं डाख देऊन जोडाव्या लागतील. तासाभराचं काम," मी म्हटलं. "पण आधी चौकटीत माझं नाव घाल."

बाईंच्या देखत त्यानं एका बोटानं स्वतःचं नाव खोडलं आणि माझं टाइप केलं. त्याचे कान लाल झाले होते. माझं काळीज थंड झालं.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं हळूच विचारलं.

"तीन आठवडे," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. मला किती कळतं ते बाईंनाही कळू दे, म्हणून.

बाईंनी चष्मा पर्समध्ये ठेवला. "यांना काम येत नाही. तुम्हाला येतं, पण आजाऱ्यांच्या काट्यात तुम्ही चूक राहू दिलीत. मी काम द्यायचं कुणाला?" असं म्हणून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, काम दुसरीकडे दिलं.

आता चौकटीत माझं एकटीचं नाव आहे आणि काटा कपाटावर पडून आहे. आई म्हणते, भावाचं नाक कापायला गेलीस नि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. खरं आहे. कामाचं मला वाईट वाटतं, अगदी मनापासून. दादाचं वाटत नाही. तो उतरून पुन्हा काट्यावर चढला तेव्हाचा त्याचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं.