सतरा तारखेचं पान

ओनेसिमो चर्चच्या मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसून नळाला वॉशर बसवत होता. खरं तर तो आला होता बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला. पण आलाच आहेस तर, म्हणत फादर अन्सेल्मोंनी त्याच्या हातात पाना ठेवला. ‘आलाच आहेस तर’ हे वाक्य त्या गावात त्याच्याइतकं कुणीच ऐकलं नसेल.

काल रात्री त्याच्या भाचीला, नायेलीला, मुलगा झाला. सुईण आणण्यापासून पाणी तापवण्यापर्यंत सगळं ओनेसिमोने केलं होतं आणि अजून पाठ टेकली नव्हती. त्यांच्या घरात पोरासाठी कुणी नाव शोधत बसत नसे. जन्माच्या दिवशी कॅलेंडरच्या पानावर जो संत असेल, त्याचं नाव ठेवायचं. सोळा फेब्रुवारी, संत ओनेसिमो. मामाचाच दिवस.

साठ वर्षांत त्याला आपल्या नावाचा दुसरा माणूस भेटला नव्हता. सारख्या नावाची माणसं एकमेकांना ‘तोकायो’ म्हणून हाक मारतात, एकमेकांचा पेला भरतात. ओनेसिमोने हे नेहमी शेजारच्या टेबलावरून पाहिलं होतं. पहाटेपासून तो शब्द त्याने चारपाचदा हळूच म्हणून पाहिला होता.

त्या भरात त्याने फादरना विचारलं, या नावाचा अर्थ काय.

फादर म्हणाले, नाव ग्रीक. अर्थ, उपयोगी. मालक लोक गुलामांना असली नावं ठेवायचे. संत ओनेसिमोही गुलामच, पण एक दिवस तो पळून गेला.

पाना थांबला.

“मग?”

“मग संत पॉलनी चिठ्ठी देऊन त्याला मालकाकडे परत पाठवला.”

“परत पाठवला.”

“चिठ्ठी चांगली होती रे. याला भाऊ समजून वागव, असं लिहिलं होतं.”

ओनेसिमोने नळ सोडून पाहिला. गळत नव्हता. “माझ्या बहिणीला अशी चिठ्ठी कुणी धाडली नाही,” तो म्हणाला. बाप्तिस्म्याला मार्चचा पहिला रविवार ठरला. निघताना फादरनी घंटेच्या दोराकडे बोट दाखवलं. उद्या बघतो, म्हणून तो बाहेर पडला.

घरी त्याची थोरली बहीण एउदोक्सिया चुलीवर आतोले, मक्याची गोड पेज, ढवळत होती. तो टेकतो न टेकतो तोच तिने कामं सांगितली: गॅसची टाकी, मक्याचं दळण, खुराड्याची जाळी. मग कोपऱ्यातल्या खाटेवर, नायेलीच्या कुशीतल्या बाळावर वाकून ती लाडाने म्हणाली, “मोठा हो रे लवकर. घरात दोन ओनेसिमो झाले की मला कसली काळजी?”

तिने कालचं पान जपून ठेवलं होतं. पानामागे जन्मवेळ लिहून ते बायबलात ठेवायची घरची रीत होती.

“वेळ सांग,” तिने पेन्सिल जिभेला लावली. “सुईणीकडे घड्याळ नाही, तिला काय कळतंय.”

नायेलीने मान वर केली. बाळ रडलं तेव्हा तिने हेच विचारलं होतं, आणि पावणेबारा, हे मामानेच सांगितलं होतं.

ओनेसिमो बाळाच्या मुठीकडे बघत राहिला.

“बारा वाजून दहा मिनिटं,” तो म्हणाला.

“म्हणजे सतरा?”

“सतरा.”

“जन्मभर तोकायो नाही, तोकायो नाही म्हणून रडलास, आणि दहा मिनिटांनी घालवलास. तुझं नशीबच फुटकं.” एउदोक्सियाने भिंतीवरचं आजचं पान फाडलं आणि हात लांब धरून वाचलं. संत अलेहो.

नायेलीने मामाकडे पाहिलं. तिने बाळाच्या पायांवरची शाल सारखी केली.

“अलेहो तर अलेहो,” एउदोक्सिया म्हणाली. “जा, फादरना नाव बदलल्याचं सांगून ये. येताना दळण घे.”

ओनेसिमो गुडघ्यांवर हात रोवून उठू लागला.

“मामा, तू बस,” नायेली म्हणाली. “आई, तू जा ना. दळणही आण.”

एउदोक्सियाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पुटपुटत पायांत चपला सरकवून ती गेली.

नायेलीने बाळ त्याच्या मांडीवर दिलं. त्याला काय करावं कळेना. तो शालीचं टोक खोचू लागला.

“काही करायचं नाहीये, मामा. नुसता धर.”

अलेहो झोपला होता. त्याचा अजून कुणालाच काही उपयोग नव्हता.