उजवीकडचं पान

आत्या परिचारिकांच्या अभ्यासाची पुस्तकं भाषांतरित करायची. विटेसारखी जाडजूड पुस्तकं. जखमेची मलमपट्टी, ताप, बाळंतपण, शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा, सगळं त्यांत असायचं. तिच्या टेबलावर दोन लाकडी स्टँड होते. डावीकडे मूळ पुस्तक, उजवीकडे तिचे कागद, आणि मधल्या जागेत चष्म्याचं घर. आईवडील गेल्यापासून भाची तिच्याकडेच वाढली. आत्या तिला ठमी म्हणायची, आणि ठमी तिशी ओलांडून दातांच्या कवळ्या बनवायला लागली तरी ठमीच राहिली.

"तुझं बरं आहे," आत्या म्हणायची. "कवळी टोचली की गिऱ्हाईक लगेच ओरडतं. माझा शब्द टोचला तर कोण सांगणार?"

एका सकाळी आत्याने चहा मागितला आणि तोंडातून 'खिडकी' बाहेर आली. ठमीने खिडकी उघडली. आत्याने मान हलवून पुन्हा मागितलं, पुन्हा खिडकीच. ठमी हसली. मग आत्या उठायला गेली आणि तिचा उजवा पाय मुडपला, तेव्हा ठमीचं हसू जागच्या जागी विरलं.

दवाखान्यातून ती घरी आली ती उजवा हात मांडीवर घेऊन. पाय बऱ्यापैकी सावरला होता, हात नाही. बोललेलं पुष्कळसं कळायचं, पण बोलायला गेली की शब्द हाताशी येऊन निसटायचे, किंवा भलताच शब्द पुढे यायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, "वाचत राहू द्या. त्यांच्या सवयीचं काहीतरी." म्हणून ठमीने ते दोन स्टँड पुन्हा मांडले. पण एका हाताने जाड पुस्तकाचं पान उलटताना पुस्तक घसरून खाली पडायचं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा आत्याने ते उचलूच दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसली.

ठमीच्या कामावरच्या एकाने तो टॅब सुचवला. विद्यार्थी वापरतात तसला, दोन पडद्यांचा, पुस्तकासारखा उघडणारा. उघडला की टेबल व्यापून टाकायचा, एकेक पान छापील पानाएवढं मोठं. डाव्या पडद्यावर एक पुस्तक, उजव्यावर दुसरं, आणि बोट नुसतं टेकवलं की पान उलटतं. सोबत पेन होतं. त्याने उजव्या पानावर लिहिता यायचं, पुसता यायचं.

ठमीने डावीकडे परिचारिकांच्या मूळ इंग्रजी पुस्तकाची नवी सुधारित आवृत्ती लावली. उजवीकडे आत्याचंच जुनं भाषांतर. आत्या बराच वेळ नुसती बघत राहिली. मग डाव्या हाताचं बोट टेकवलं. पान उलटलं. तिने मागे वळून ठमीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं."

बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून योग्य जागी योग्य शब्द आला होता.

त्यानंतर घराला जाग आली. आत्या सकाळी उठून केस विंचरायची, धुतलेली साडी नेसायची आणि टेबलाशी बसायची. नव्या आवृत्तीत जिथे बदल होते तिथे डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरांत, उजव्या पानावर दुरुस्ती करायची. ठमी कामावरून यायची तेव्हा हाताला कवळ्यांच्या साच्यांचं प्लास्टर लागलेलं असायचं. आत्या तिला आधी हात धुवायची खूण करायची, मग टॅब तिच्याकडे वळवायची.

"बघ. झालं."

पहिल्या दिवशी ठमीने वरवर पाहिलं आणि शाबासकी दिली. नंतर एकदा नीट वाचलं. छापील वाक्य होतं, 'रुग्णाला आपण काय करणार आहोत ते आधी सांगावे.' आत्याने 'सांगावे' खोडून 'सांडावे' केलं होतं. पुढे 'औषध जेवणाआधी द्यावे' होतं, त्याचं 'औषध जेवणाला द्यावे' झालं होतं. ठमी पानं उलटत गेली. सगळीकडे तेच. सरळ, स्वच्छ वाक्यं होती, आणि त्यांच्यावर आत्या रोज मन लावून चुका चढवत होती.

"कसं?" आत्याने विचारलं. डोळे चमकत होते.

"छान झालंय," ठमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. मग ते म्हणणं सवयीचं झालं.

आत्याने एक दिवस फोनकडे बोट दाखवून संपादकाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. नाव आलं नाही, पण ठमीला कळलं. तिने चारदोन दिवस टाळलं. मग आत्या रुसली, जेवेना. शेवटी संपादक आला. आत्याच्या हाताखाली पुस्तकं तपासायला शिकलेला माणूस, तिला बाई म्हणायचा. आत्याने त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण बाजूला उभी राहिली. तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे वाचत होता. मग त्याचे डोळे उजव्या पानावरच थांबले.

"बाई, खूप मेहनत घेतलीत," तो म्हणाला. "मी याची प्रत घेऊन जातो. सावकाश वाचतो."

आत्याने समाधानाने मान डोलावली.

जिन्यात तो ठमीला म्हणाला, "हे छापता येणार नाही. मुली हे वाचून वॉर्डात जातात."

"माहीत आहे."

"मग आधी का नाही बोललीस?"

"ती केस विंचरायला लागली होती," ठमी म्हणाली.

तो जिना उतरू लागला. दोन पायऱ्या उतरून थांबला. नव्या आवृत्तीचं काम दुसरीकडे दिलंय, हे त्याने पाठमोऱ्यानेच सांगितलं. एक तरुण बाई करते आहे, निम्म्याहून जास्त झालं आहे. आत्याला हे सांगायलाच तो आला होता, आणि ते राहून गेलं.

आत्या वाट बघू लागली. छापून आलेली कच्ची पानं तपासायला तिच्याकडे येतात, ही तिची जुनी रीत. दाराची बेल वाजली की ती खुर्चीतून निम्मी उठायची. दूधवाला असायचा, शेजारीण असायची. "कागद?" ती विचारायची. "येतील," ठमी सांगायची. कामावर मेणात दात लावताना तिच्या हातून ओळ वाकडी जाऊ लागली. वरिष्ठांनी एक कवळी परत दिली आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

सुट्टीच्या दिवशी, दुपारी, तिने टॅब उघडला. डाव्या पडद्यावर आत्याचं जुनं छापील पान लावलं, उजवीकडे तेच पान दुरुस्त्यांसकट. आत्याजवळ खुर्ची ओढून बसली.

"आत्या, हे वाच. मग हे वाच."

आत्याने बोट ठेवून डावीकडचं वाक्य वाचलं, मग उजवीकडचं. पुन्हा डावीकडचं. तिचं बोट दोन पानांच्या मधल्या फटीवर थांबलं.

"हे... मी?"

"हो."

"सगळं?"

 ठमीने मान डोलावली. आत्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं, पण ती फक्त लाजली, वर्गात सगळ्यांसमोर चुकलेल्या मुलीसारखी. पदराने तोंड पुसलं. मग पेन उलटं धरून तिने स्वतःची अक्षरं पुसायला सुरुवात केली. ठमी म्हणाली, मी करते. आत्याने तिचा हात बाजूला केला. एकेक दुरुस्ती, एकेक पान. खालून जुनं वाक्य जसंच्या तसं वर येत होतं. संध्याकाळी पुसायला काही उरलं नाही, तेव्हा तिने टॅब मिटला आणि ठमीकडे सरकवला.

त्यानंतर ती टेबलाशी बसली नाही. केस ठमी विंचरायची.

नवी आवृत्ती आली तेव्हा आत्या पलंगावरच असायची. संपादकाने पुस्तक स्वतः आणून दिलं आणि लवकर निघून गेला. पहिल्या पानावर तरुण बाईचं नाव होतं. त्याखाली, लहान टाइपात, 'पहिल्या आवृत्तीचा अनुवाद' असं लिहून आत्याचं. आत्याने दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग पुस्तक ठमीच्या हातात दिलं.

"वाच."

ठमीने शुश्रूषेचं प्रकरण काढलं आणि वाचू लागली. भाषा चांगली होती, सोपी होती. आत्या डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. एका ठिकाणी तिने डोळे उघडले आणि जोरात मान हलवली. नाही. तो शब्द नाही.

"मग कोणता?" ठमीने विचारलं.

आत्याने तोंड उघडलं. तिचा स्वतःचा शब्द होता, कधीतरी पूर्वी पुष्कळ विचार करून तिनेच निवडलेला. ती त्याच्या मागे लागली होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ठमी थांबून राहिली. बाहेर कुणीतरी सायकल लावली, जिना चढून वर गेलं.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "चांगलं आहे. वाच."

ठमी पुढे वाचू लागली.