पत्र्यात मुरलेली अक्षरं

ही व्हॅन आधी एका बेकरीकडे होती, असं विकणाऱ्याने सांगितलं आणि धाकट्याने ते डोळे झाकून मानलं. मागचं दार उघडल्यावर त्याला तर ताज्या पावाचा वाससुद्धा आला.

"वहिनी, हे बघा ट्रे ठेवायचं फळकूट. माणसाएवढं लांब आहे, खाली चाकं आहेत. ओढलं की सुळकन बाहेर येतं."

कापड बेतायला एवढं लांब फळकूट आयतं मिळतंय म्हटल्यावर वहिनींनी जास्त चौकशी केली नाही. त्या शिवणकाम करायच्या. मशीन गाडीत टाकून गल्लोगल्ली फिरायचं, पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, उसवलेलं जागच्या जागी शिवून द्यायचं, असा त्या दोघांचा बेत. वहिनींचा नवरा, म्हणजे धाकट्याचा दादा, "माझं नाव यात गोवू नका" म्हणून मोकळा झाला होता.

व्हॅनच्या दोन्ही बाजूंचे पत्रे ॲल्युमिनियमचे आणि त्यांवर निळ्या रंगाचा जाड थर. तो जागोजागी फुगला होता. धाकटा तारेचा ब्रश घेऊन निघाला होता, पण रंगाच्या दुकानदाराने तो काढून ठेवायला लावला. हा धातू मऊ असतो, ओरखडे पडतील, म्हणाला. त्याने रंग काढायची जेली दिली. ती फासायची, वर प्लास्टिक पांघरायचं आणि गप्प बसायचं. धाकट्याला गप्प बसणं जमेना. भाताचं झाकण उघडून बघावं तसा तो सारखा प्लास्टिक उचलून बघत होता. शेवटी रंगाला सुरकुत्या पडल्या, आणि हातमोजे घातलेली दीर-भावजय प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन खरवडायला लागली.

डाव्या टोकाला, मळकट पत्र्यावर, एक चकचकीत अक्षर दिसलं.

"श," धाकटा हरखला. "वहिनी, शुभशकुन. श म्हणजे शिवण."

"मग वेलांटी कुठाय?"

"येईल की पुढे."

"पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, भावजी."

पुढे 'व' निघाला तेव्हा धाकट्याला आणखी चेव चढला. शिवणच आहे, वेलांटी तेवढी पडली असणार, असं म्हणत तो खरवडत राहिला. जेवणाच्या वेळेपर्यंत अख्खा शब्द उघडा पडला. शववाहिनी.

मग धाकट्याला ते फळकूट आठवलं. गाडी आणल्यापासून रोज दुपारी तो त्याच्यावर हातपाय ताणून झोपत होता, आणि इतकी गाढ झोप आपल्याला कुठेच लागत नाही असं घरभर सांगत होता. तो तसाच उठला आणि अंघोळीला गेला.

परत आला तर वहिनी अक्षरांवर पुन्हा जेली फासत होत्या. पण अक्षरं हलेनात. ती रंगाची नव्हतीच. गाडी बिनरंगाची असताना कधीतरी त्यावर ती चिकटवली असणार. आजूबाजूचा पत्रा उन्हापावसाने काळवंडला आणि अक्षरांखालचा कोरा राहिला. आता चिकटवलेलं काही उरलं नव्हतं, पण शब्द पत्र्यात मुरला होता.

तेवढ्यात शेजारचे आजोबा पँट घेऊन आले. कंबर सैल करून हवी होती. वहिनी हातमोजे काढून गाडीत चढल्या आणि सवयीप्रमाणे टेप गळ्यात अडकवून मागच्या दारातून उतरल्या.

"या आजोबा, माप घेते."

आजोबांनी पत्र्यावरचा शब्द वाचला. मग टेपकडे पाहिलं. मग दारातून बाहेर आलेल्या फळकुटाकडे.

"माझं अजून बरं चाललंय," ते म्हणाले, आणि पँट काखेत मारून एवढ्या झपाट्याने निघून गेले की काठी विसरली.

आता उपाय एकच होता. पॉलिश लावून आजूबाजूचा पत्रा अक्षरांइतका चमकवायचा. वहिनी डावीकडून लागल्या. 'श' गेला, पहिला 'व' गेला, आणि त्यांचा खांदा भरून आला. धाकटा फडकं घेऊन भलतीकडेच, मध्येच कुठेतरी घासत होता. दोघं दमून मागे सरकली आणि त्यांनी पाहिलं. दुसऱ्या 'वा'चा काना धाकट्याने साफ उडवला होता.

"वहिनी," धाकटा म्हणाला.

"काय?"

"हाक नाही मारली. वाचतोय."

वहिनी पदराने तोंड दाबून हसायला लागल्या आणि तिथेच खाली बसल्या. आता एका अक्षरालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. गाडीला नाव मिळालं होतं.

संध्याकाळी दादा कामावरून आला. नाव वाचलं, गाडीला एक चक्कर मारली, घसा खाकरला.

"दुसरी बाजू मी करणार," तो म्हणाला. "बायको माझी आहे."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्याने रंग काढला, आणि पॉलिशचा डबा घेऊन कोणाचंही न ऐकता मन लावून घासत बसला. दिवेलागणीला डबा संपला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप हातातच राहिला. दादाने उजवीकडून सुरुवात केली होती. 'नी' गेला होता, 'हि' गेली होती, 'वा' गेला होता.

उरलं होतं तेवढं लखलखत होतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "उद्या पहिली ऑर्डर आहे."

रंगाचं दुकान बंद झालं होतं. सकाळी त्या बाजूला फुलाफुलांची चादर बांधून गाडी निघाली. दादाने आणखी एक सुट्टी टाकली. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने चादरीचं टोक घट्ट धरलं होतं. तरी वारा यायचा, चादर उडायची, आणि शेजारचा स्कूटरवाला दचकायचा.

"शिलाई," दादा त्याला समजावून सांगायचा. "फक्त शिलाई करतो आम्ही."